पदकाच्या कडेवरचे नाव



आपल्याकडे सत्काराची एक ठरलेली पद्धत झाली आहे. नारळ आपण सोडला, पण शाल काही सुटली नाही. शाल, पुष्पगुच्छ, पाच-सहा वक्ते आणि सर्वांत शेवटी सत्कारमूर्तींचे दोन शब्द. त्यांची पाळी येईपर्यंत मंडप अर्धा उठून गेलेला असतो. ज्याच्यासाठी आपण जमलो, त्याने आयुष्यात नेमके काय केले, हे घरी जाताना कुणाला सांगता येत नाही.

गेल्या साली आमच्या मोडनिंबच्या घरी थोरल्या चुलत्यांच्या सत्काराचे घाटत होते. त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. १९६३ साली महार रेजिमेंटमध्ये भरती झाले, पंधरा वर्षे नोकरी करून १९७८ साली पेन्शनवर आले. रजेवर येताना कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरून बार्शी लाइटच्या छोट्या गाडीत बसायचे आणि मोडनिंब स्टेशनवर ट्रंक डोक्यावर घेऊन उतरायचे, ही गोष्ट आमच्या घरात शेकडो वेळा सांगून झाली आहे. पण त्यांची पदके कोणती, ती कशाबद्दल मिळाली, हे आमच्यापैकी एकालाही धड माहीत नव्हते. तेव्हा आम्ही असे ठरवले की या वेळी शाल नको. तात्यांची सगळी पदके एका काचेच्या पेटीत नीट लावायची, खाली प्रत्येकाची माहिती लिहायची आणि ती पेटी त्यांच्याच हातून भिंतीवर लावून घ्यायची. दिवस धरला १ ऑक्टोबर. १९४१ साली याच दिवशी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली.

पदके निघाली डालड्याच्या डब्यात. तात्या त्यांना बिल्लेच म्हणतात. सात होती. दोन पाच टोकांचे तारे, बाकी गोल. काकींनी ती जिवापाड सांभाळली होती. इतकी की दर चौदा एप्रिलला चिंच लावून तांब्या-पितळेबरोबर लख्ख घासायच्या. त्यांचे प्रेम आम्हाला समजते, पण इथे एक गोष्ट सर्व माय-भगिनींना सांगितली पाहिजे. स्वातंत्र्यानंतरच्या आपल्या सरकारी पदकांच्या कडेवर, ताऱ्यांच्या बाबतीत मागच्या बाजूला, शिपायाचा नंबर आणि नाव कोरलेले असते. अक्षर बारीक असते. चिंच, राख, रांगोळी, बाजारातली पितळ घासायची पूड यांनी धातू झिजतो आणि आधी ते अक्षर जाते. तात्यांच्या एका पदकावर आता नंबराचे शेवटचे तीन आकडेच उरले आहेत. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसली की पुरे. काळवंडले तर काळवंडू द्या.

मग तात्यांना समोर बसवले आणि एकेक बिल्ला त्यांच्या हातात दिला. आमचा पुतण्या वही घेऊन बसला. त्याने पाटीचा मजकूर आधीच तयार करून आणला होता : ‘शौर्यपदक विजेते’. तात्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि पेन मागून घेऊन पहिला शब्द खोडला.

“शौर्यपदक कुठलं? ही सेवेची हायेत. हा तारा पासष्टच्या लढाईच्या टापूत जो व्हता त्याला मिळाला. हा गोल त्या टायमाला जे नोकरीत व्हते त्यांचा. शौर्याचं वेगळं असतंय, त्याला येगळा कागूद येतो.”

आम्हाला हे फार मोलाचे वाटते. समर सेवा स्टार आणि रक्षा पदक ही १९६५ ची, पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक ही १९७१ ची, सैन्य सेवा पदक, १९७२ चे स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक आणि नऊ वर्षांच्या सेवेचे, अशी ती सात. एकही शौर्याचे नाही. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत लढताना पडले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. तात्यांना हा फरक ठाऊक आहे आणि त्यांना तो पुसायचा नाही. आपल्या सभांतून मात्र सैन्यातून आलेला प्रत्येक जण शूरवीर होतो. त्याने पंधरा वर्षे थंडीवाऱ्यात केलेली साधी, न चुकवलेली चाकरी सांगायला आपल्याकडे शब्दच उरत नाहीत.

लावण्याचा क्रमही तात्यांनीच सांगितला. तारे आधी, लढाईची पदके नंतर, वर्षगाठीचे आणि दीर्घ सेवेचे सर्वांत शेवटी. मानाने पहिले ते बघणाऱ्याच्या डाव्या हाताला. छातीवर लावताना ते छातीच्या मध्याकडे येते. आमच्या सुताराने सागवानी चौकट केली, काच आणि मागची फळी यांच्यात दोन इंच जागा ठेवली, म्हणजे पदके काचेला टेकत नाहीत. फळीवर धुतलेले सुती कापड ताणून बसवले आणि फिती सुईदोऱ्याने त्यावर टाचल्या. फेविकॉल नाही, खिळा नाही, लोखंडी टाचणीही नाही, कारण गंजाचा डाग फितीवर उतरतो. कडेवरचे नाव पेटीत दिसत नाही, म्हणून लावण्याआधी प्रत्येक कडेवर पातळ कागद धरून पेन्सिल घासली. अक्षरे कागदावर उठली, तो कागद त्या त्या पदकाखाली लावला. पेटी ऊन येणाऱ्या भिंतीवर नको. उन्हाने फितीचे रंग दोन-चार वर्षांत उडतात, आणि पदक ओळखायचे ते निम्मे फितीवरूनच.

पण पेटी पुरी होण्याआधी घरात मोठा वाद झाला, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

तात्यांचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, तेही शिपाई होते. १९४२ साली महार रेजिमेंटमध्ये गेले, लढाई संपल्यावर १९४६ साली सुटून आले. त्यांची दोन पदके होती, एक तारा आणि एक गोल. तात्या लहानपणी त्यांच्याशी खेळलेले. पुढे पन्नास-एक्कावन सालच्या सुमारास घरात दाणा नव्हता, तेव्हा आजीने फुटक्या भांड्यांबरोबर ती मोडीत घातली. पायलीभर जोंधळा आला. आजीला कुणी कधी बोल लावला नाही.

आमचा पुतण्या पुण्याला कंपनीत आहे. त्याने हौसेने जुन्या बाजारातून दोन तारे विकत आणले. एकावर इंग्रजीत ‘१९३९-१९४५ स्टार’, दुसऱ्यावर ‘बर्मा स्टार’. त्याचे म्हणणे असे : दुसऱ्या महायुद्धाची इंग्रज सरकारची ही पदके अनेकदा बिननावाची दिली गेली, एक तारा दुसऱ्यासारखाच, मग आजोबांचा म्हणून हा लावला तर कोणते बिघडले? घरातल्या दुसऱ्या एकाने वेगळाच सूर काढला. मुकुटाची चिन्हे असलेली इंग्रजांची पदके बौद्धाच्या घरात कशाला?

या दुसऱ्या आक्षेपाला उत्तर द्यावेसे वाटते. ज्यांना पदक नुसता धातू वाटतो, त्यांनी आपला इतिहास आठवावा. १ जानेवारी १८१८ ला भीमा-कोरेगावला लढाई झाली. तिथल्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली आहेत आणि त्यांत ‘नाक’ शेवट असलेली २२ नावे आपल्या माणसांची आहेत. त्या लढाईचे पदक मात्र १८५१ साली मंजूर झाले, तेहतीस वर्षांनी, आणि तेही तोवर हयात असलेल्यांनाच. पुढे १८९२ च्या सुमारास महारांची भरतीच बंद केली. पेन्शनर गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली अर्ज केला. बापजाद्यांची सेवा मांडून त्यांनी सरकारचे दार ठोठावले. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ महार ही पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ साली मोडली. डॉ. बाबासाहेबांना १९४१ साली संरक्षण सल्लागार समितीवर घेतले, त्यांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे महारांच्या नावाची रेजिमेंट झाली. तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर सुरुवातीला कोरेगावचा स्तंभच होता, पुढे त्या जागी खंजीर आला. इतके अर्ज-विनंत्या करून मिळालेल्या नोकरीचा पुरावा म्हणजे आजोबांचे ते दोन बिल्ले. मुकुट इंग्रजांचा, पण पायपीट आजोबांची. ज्यांच्या घरी १५ ऑगस्ट १९४७ रोजी नोकरीत असलेल्यांना दिलेले स्वातंत्र्य पदक असेल, त्यांनी ते जरूर पाहावे. एका बाजूला मुकुटाखाली अशोकचक्र आहे, दुसऱ्या बाजूला सम्राट अशोकाचे सिंह आहेत. तो बदल एका पदकात असा दिसतो.

पहिला प्रश्न अवघड होता. तात्यांनी दोन्ही तारे हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले.

“हे कुणाचं रं?”

“आजोबांचं म्हणून लावू की, तात्या. तसंच तर होतं ना?”

“तसंच असंल. पर हे आमच्या बापाचं न्हाई. कुणाच्यातरी बाचं हाय. त्याच्या घरीबी अशीच पायली आली असंल.”

पुतण्या गप्प झाला. आजोबा ब्रह्मदेशात गेले होते असे घरात सगळे म्हणतात, पण तात्यांना खात्री नाही. ताऱ्यावर काय लिहिले होते ते त्या वयात वाचता येत नव्हते, फितीचा रंग आठवत नाही. खात्री नाही ते लावायचे नाही, एवढेच ते म्हणाले. आमच्या मते ते बरोबर होते. ते दोन तारे आता वेगळ्या पाकिटात ठेवले आहेत. त्यावर ‘पुणे, जुना बाजार येथून घेतले, मूळ मालक अज्ञात’ असे लिहिले आहे. पेटीत वरच्या ओळीत आजोबांच्या नावाने दोन पदकांची जागा मोकळी सोडली आहे. खाली चिठ्ठी : नाव, भरती १९४२, सुटका १९४६, पदके दोन, घरात धान्य नसल्यामुळे मोडीत दिली. ही शेवटची ओळ लिहू नये असे काहींना वाटले. तात्यांनी ती लिहायला लावली.

काकींनी मात्र पेटी पाहून एकच विचारले, “आन् मी कुठंय ह्यात?” पंधरा वर्षे तीन लेकरे, म्हातारी सासू आणि दुसऱ्यांच्या रानातली खुरपणी त्यांनी ओढली, तिचा बिल्ला कुठल्या सरकारने काढलेला नाही. त्यांच्या ट्रंकेत तात्यांच्या मनीऑर्डरींच्या खालच्या चिठ्ठ्या जपून ठेवलेल्या निघाल्या. त्यातली डिसेंबर १९७१ ची एक आम्ही पेटीत घेतली. त्यावर तात्यांच्या अक्षरात तीन शब्द आहेत, ‘खुशाल आहे. काळजी’ आणि पुढे जागा संपली आहे.

१ ऑक्टोबरला घरचेच लोक होते. त्रिशरण-पंचशील झाले, पेटी भिंतीवर लागली. तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या ओळीत ती लावायला तात्यांनी साफ नकार दिला आणि कुणीतरी हार घेऊन पुढे झाला तेव्हा म्हणाले, “मी जिता हाय अजून.” मग त्यांनी प्रत्येक बिल्ल्याचे सांगितले. दीड तास लागला. एक माणूस उठला नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात वस्तीतल्या एक विधवा माउली आमच्याकडे आल्या. पदराच्या गाठीत दोन गोल पदके. पती वारले, पण कुटुंब पेन्शन अडकून पडले आहे, कारण एका कागदावर पतीचे नाव घरच्या हाकेचे आहे आणि दुसऱ्यावर शाळेतले. कचेरीत त्यांना दोनदा परत पाठवले, हा माणूस आणि तो माणूस एकच कशावरून, असे विचारले. डिस्चार्ज बुक पावसात भिजून गेले आहे. आम्ही पदकांच्या कडेवर कागद धरून पेन्सिल फिरवली. नाव घरच्या हाकेचेच निघाले, पण त्याच्या आधी नंबर होता, पुरा. तोच नंबर पेन्शनच्या जुन्या कागदावर शाळेतल्या नावाशेजारी आहे. नाव दोन तऱ्हेने लिहिले जाते, नंबर एकच असतो. तात्यांना नातवंडांची नावे कधी कधी चुकतात, पण स्वतःचा नंबर झोपेतसुद्धा घडाघडा म्हणतात.

तो उठवलेला कागद, दोन्ही कागदांच्या झेरॉक्स आणि माउलींचा अर्ज, असे सर्व आम्ही सागरच्या रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पोस्टाने पाठवले आहे. एक प्रत सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दिली आहे. पोच आली आहे, उत्तराची वाट पाहत आहोत. ज्यांच्या घरी असे बिल्ले डब्यात, ट्रंकेत, पदराच्या गाठीत असतील, त्यांनी ते घासायच्या आधी कडेवरचा नंबर एका वहीत उतरून घ्यावा. मोडनिंब परिसरातील कुणाला कागद लिहायला अडचण असेल तर रविवारी सकाळी आम्ही घरीच असतो.