करसवलत मोठी, कसोटी वाहनतळावर

विजेवर चालणाऱ्या आलिशान ‘एसयूव्ही’कडे शहरी ग्राहक वळतो आहे, त्यामागे करांचे गणित मोठे आहे. सप्टेंबर २०२५ मधील जीएसटी फेररचनेत पेट्रोल-डिझेलच्या मोठ्या मोटारींवर ४० टक्के कर आला. विजेच्या मोटारींवर तो ५ टक्केच राहिला. ३० लाख रुपयांवरील ई-मोटारींवर ६ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव राज्य सरकारने मार्च २०२५ मध्ये मांडला आणि त्याच महिन्यात मागेही घेतला.

तथापि, सवलतीने सोयीचा प्रश्न सुटत नाही. १०० युनिट क्षमतेची बॅटरी तीन किलोवॉटच्या साध्या प्लगवर पूर्ण भरण्यास ३३ तासांहून अधिक लागतात. ११ किलोवॉटच्या चार्जरवर हेच काम रात्रभरात होते. त्यासाठी थ्री-फेज जोडणी, पुरेसा मंजूर वीजभार आणि सोसायटीचे सहकार्य हवे. म्हणूनच शोरूमआधी स्वतःच्या वाहनतळाची पाहणी करणे शहाणपणाचे ठरेल.

कंपनीने जाहीर केलेला पल्ला प्रमाणित चाचणीतील असतो. द्रुतगती मार्गावरील वेग, घाटाचा चढ आणि वातानुकूलन यांमुळे तो घटतो. बॅटरीची हमी किती वर्षांची, एवढेच पाहून भागत नाही. क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास ती बदलून मिळेल, हे लेखी तपासायला हवे. पुढे मोटार विकताना मिळणारी किंमत बव्हंशी त्यावरच ठरेल.

करविषयक निर्णय महिनाभरात फिरू शकतात, मोटार मात्र आठ-दहा वर्षे दारात राहते. तेव्हा सवलती वगळूनही हा व्यवहार परवडतो का, याचा हिशेब आधी मांडलेला बरा.