टाळ्या कापू नका

पुतण्याने परवा माझी परस्पर सेवा केली. लता मंगेशकरांचा लंडनचा कार्यक्रम मी पेनड्राइव्हवर जपून ठेवला होता, तो त्याने 'साफ' करून दिला. साफ म्हणजे टाळ्या उडवल्या, मधलं बोलणं उडवलं. वर मलाच म्हणतो, "तात्या, आता कसं सलग वाजतंय बघा. मधी कायबी कचरा न्हाई."

कचरा! त्या कचऱ्यात दिलीपकुमार होते रे बाबा!

मार्च १९७४. लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल, १८७१ सालचा, पाच हजारांवर माणूस मावणारा. कार्यक्रम नेहरू स्मारक निधीच्या मदतीसाठी. त्याच्या दोन तबकड्या निघाल्या. मास्टर विनायकांच्या चित्रपट कंपनीत असताना हीच लता आपल्या कोल्हापुरात राहत होती, १९४५ मध्ये मुंबईला गेली. गावाकडचा आवाज असा मोठ्या सभागृहात पोचल्याचं उदाहरण अमेरिकेतही आहे. तिकडे गावाकडच्या गाण्यांना कंट्री म्हणतात. टेक्सासात वाट्याने शेत कसणाऱ्याच्या घरात जन्मलेला बक ओवेन्स १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायला आणि त्याचीही तबकडी निघाली. त्यातल्या टाळ्या काढल्या तर उरलेली गाणी स्टुडिओतसुद्धा झाली असती. मग एवढ्या लांब कार्नेगीला कशाला जायचं?

पण सांगायचं होतं ते दिलीपकुमारांबद्दल. लंडनच्या त्या रात्री लताबाईंची ओळख त्यांनी करून दिली. धाकटी बहीण म्हणून, उर्दूत, अगदी मोजकं बोलून बाजूला झाले. एवढा मोठा नट, समोर भरलेलं सभागृह, हातात माइक, आणि तरी गडी बाजूला होतो! आमच्या मुरगुडात हे कुणाला पटणार नाही.

आमच्याकडे गाण्याचा कार्यक्रम सातचा. साडेआठला सूत्रसंचालक माइक हातात घेतो आणि चारोळीने सुरुवात करतो. मग शेर. मग व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं. एखादं राहिलं की खालून चिठ्ठी येते, मग माफी मागून पुन्हा पहिल्यापासून. मग सत्कार. देणगीदाराचा, मांडववाल्याचा, जनरेटरवाल्याचा. प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि फेटा. फेटा बांधून होईपर्यंत पुन्हा चारोळी. तिकडे ढोलकीवाला ताणलेली ढोलकी परत सैल पडते म्हणून कड्या सरकवत बसलेला, आणि गाणाऱ्या बाई पदर सावरून सावरून दमलेल्या. शेवटी मागून कुणीतरी ओरडतो, "आरं, तूच गा की आता!" त्यावर गडी लाजत नाही, खरंच एक कडवं म्हणतो. गाणं सुरू होतं तेव्हा निम्मी बायका-पोरं घरी गेलेली, आणि दहाला पोलीस येऊन आवाज बंद करायला सांगतात. चूक कुणाची? पोलिसांची, म्हणे!

ते असो, पण लोकांच्या टाळ्यांची किंमत आपल्याला कोल्हापूरकरांना तरी कळायला हवी. ८ जुलै १९२१ ला आपले केशवराव भोसले आणि बालगंधर्व हे दोन गायक-नट मुंबईत 'संयुक्त मानापमान' नाटकात एकत्र उभे राहिले. टिळक स्वराज्य फंडासाठीचा तो प्रयोग. त्याबद्दल आजही लोक हात उंचावून बोलतात, पण त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण नाही. प्रेक्षागृह कसं दणाणलं, ते आता कुणाच्याच कानावर पडायचं नाही. केशवरावांच्या नावाचं कोल्हापुरातलं नाट्यगृहही ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत गेलं.

म्हणून यंदाच्या जत्रेत आणि गणपतीत मोबाइल उंच धरून चित्रण करणाऱ्या पोरांना विनंती आहे. गाणं घ्या, टाळ्या घ्या, शिट्टीसुद्धा घ्या. सूत्रसंचालक तेवढा कापा, त्याला माझी हरकत नाही. आणि मंडळांनो, यादीत ज्येष्ठ पत्रलेखक म्हणून माझा सत्कार असेल तर तो खोडा आणि तेवढा वेळ ढोलकीवाल्याला द्या. नारळ मात्र घरी पाठवला तरी चालेल.