कादंबरीकाराची चाकरी

श्री. ना. पेंडसे यांची उमेदीची वर्षे मुंबईच्या बेस्ट उपक्रमाच्या नोकरीत गेली आणि त्याच वर्षांत ‘एल्गार’ (१९४९), ‘हद्दपार’ (१९५०), ‘गारंबीचा बापू’ (१९५२), ‘रथचक्र’ (१९६२) अशा एकाहून एक सरस कादंबऱ्या त्यांच्या हातून उतरल्या, ही हकीकत आपल्याकडे कौतुकाबरोबरच काहीशा हळहळीने सांगितली जाते. जणू पोटासाठी पत्करलेल्या त्या चाकरीतून मोकळा होऊन हा लेखक दापोलीकडच्या आपल्या मुर्डी गावी स्वस्थ जाऊन बसला असता, तर मराठीच्या पदरात आणखी पाचपंचवीस ग्रंथ पडले असते. मला ही हळहळ अस्थानी वाटते. बेस्टचा इतिहासही पेंडशांनीच लिहिला. परंतु ते दप्तर धुंडाळून, कागदाला कागद जुळवून करावयाचे काम होते. कादंबरीला मात्र लहानपणीच सुटलेले मुर्डी लागले, आणि ते ट्रामगाड्यांच्या शहरात, रोजच्या हजेरीपटाच्या आड, वर्षानुवर्षे मुरत राहिले.

आराखडा न आखता, प्रकरणांची यादी न करता, केवळ अंतःप्रेरणेच्या भरवशावर लिहिणारा कादंबरीकार म्हटला की आपण त्याच्याभोवती एक दैवी वलय उभे करतो. भालचंद्र नेमाडे यांनी १९६३ साली आपल्या सांगवी गावी अवघ्या पंधरासोळा दिवसांत ‘कोसला’ लिहून हातावेगळी केली, ही कथा त्या वलयाचे प्रमाण म्हणून हटकून पुढे येते. पण त्या पंधरवड्यामागे पुण्यातील वसतिगृहे, खाणावळी, फसलेले उद्योग आणि घरी परतण्याची नामुष्की अशी कित्येक वर्षांची जमा होती, तिचा उच्चार सहसा होत नाही. खर्चाची बाजू तेवढी वाचायची आणि जमेचे पान उलटायचेच नाही, असा हा हिशेब आहे. स्फूर्ती एका बैठकीत येते हे खरे. ती एका बैठकीत तयार होत नाही.

ती कुठे तयार होते, हे पाहावयाचे असेल तर रायगड जिल्ह्यातल्या आमच्या तळा गावच्या तहसील कचेरीच्या व्हरांड्यात पावसाळ्यातली एखादी सकाळ काढावी. परवा तेथे वारसनोंदीसाठी आलेली एक वृद्धा अर्ज लिहिणाऱ्यासमोर बसली होती. पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला जुना सातबारा तिने काढला, घडीवरचे पाणी पदराने टिपले आणि कैफियत सुरू केली. अर्जदाराचे नाव आणि गाव यापुढे लेखणी सरकेना, तेव्हा तो म्हणाला, “आजी, गट नंबर तेवढा सांगा.” “सांगते रे बाबा, पण आधी बांधावरचा तो आंबा कोणी लावला ते ऐक,” असे म्हणून ती सासऱ्याच्या तारुण्यात शिरली, तेथून मुंबईला गिरणीत गेलेल्या आणि परत न आलेल्या दिराकडे, आणि मग त्या आंब्याच्या फांदीवरून दोन घरांत पडलेल्या अबोल्याकडे. गट नंबर आला तो सर्वांत शेवटी, आणि आला तेव्हा त्या चार आकड्यांना वजन आले होते. अर्जनविसाच्या दृष्टीने तिने अर्धा तास वाया घालवला. माझ्या दृष्टीने कादंबरीच्या रचनेचा याहून उत्तम पाठ कोणत्याही लेखन-शिबिरात मिळावयाचा नाही. मात्र तो पाठ त्या व्हरांड्यात ज्याला काम आहे त्यालाच मिळतो. मुद्दाम टिपणवही घेऊन बसलेल्या साहित्यिकापुढे आजी बहुधा मुकाट्याने गट नंबरच सांगेल.

लेखक आणि कचेरी यांचा संबंध या मुलखाला नवा नाही. मांदाडच्या खाडीलगत कुड्याच्या लेण्यांतील शिलालेखांत महाभोजांच्या पदरी असलेल्या शिवभूती नावाच्या लेखकाने दिलेल्या दानाची नोंद आहे, आणि त्याच लेण्यांत माळी, वैद्य, लोखंडाचा व्यापारी असे दातेही आहेत. शिवभूतीने काही ललित लिहिले असेल असे नव्हे; तो सरकारी कारकूनच. पण लिहिणाऱ्याची गणना अशा उद्यमी मंडळींत व्हावी, हे मला शोभून दिसते. अलीकडच्या काळात याच जिल्ह्यात वकिलीची सनद असलेले र. वा. दिघे खोपोलीच्या परिसरात शेती करीत राहिले, आणि ‘पाणकळा’सारखी कादंबरी त्या मातीतून आली.

यावर एक रास्त आक्षेप आहे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिक चालवले, आनंदाश्रमाची व्यवस्था पाहिली, पुण्याच्या नगरपालिकेचा कारभारही वाहिला, आणि या धबडग्यात दर अंकाला कादंबरीचा मजकूर पुरवला. त्यामुळे त्यांच्या लेखनात पाल्हाळ शिरला आणि काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. हे नाकबूल करता येत नाही. परंतु ‘पण लक्षात कोण घेतो’ मधली यमू आपले दुःख सांगू लागते, तेव्हा तो पाल्हाळच तिचा स्वभाव होऊन जातो. प्रेरणेने लिहावे आणि फेरतपासणी मात्र निष्ठुरपणे करावी. हरिभाऊंना पहिली साधली, दुसरीला छापखान्याने अवधी दिला नाही.

मालतीबाई बेडेकरांना तो अवधी मिळाला. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या सेटलमेंटवर त्यांनी अधिकारी म्हणून काम केले, आणि ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने त्या जीवनावरची ‘बळी’ लिहिली ती बऱ्याच वर्षांनी, १९५० साली. त्या काळात त्यांचे लेखन थांबले होते असे म्हणणाऱ्याला लेखन म्हणजे काय ते समजलेले नाही. तथापि घर, मुले आणि नोकरी या तिन्ही आघाड्या सांभाळणाऱ्या किती स्त्रियांच्या मनात अशी कादंबरी तयार होऊन, केवळ एक तास आणि एक दार लावता येईल अशी खोली न मिळाल्याने तेथेच जिरली असेल, याचा दाखला कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

म्हणून धाटावच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला जाणारा आमच्याकडचा एखादा तरुण, राजीनामा देऊन पूर्णवेळ लेखक व्हावे का, असे विचारू लागला तर मी त्याला नोकरी टिकवावयास सांगेन. पण त्याच तोंडाने तालुक्याच्या गावातील वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांनाही एक विनंती करीन. शाल, श्रीफळ आणि वक्त्याचे मानधन यांवर होणाऱ्या खर्चातून संध्याकाळी सहापासून रात्री दहापर्यंत एक खोली, एक टेबल व वीज एवढी सोय लिहिणाऱ्यांसाठी, आणि त्यांतही स्त्रियांसाठी आधी, करून द्यावी. तेथे कोण काय लिहितो याची चौकशी करू नये, आणि वर्षअखेर अहवालही मागू नये. याला शासनाच्या अनुदानाची गरज नाही. मंडळाचा एक ठराव पुरे.