शेवटचा पेपर झाल्यावर

मे महिना आला की आमच्याकडे पालकांची ये-जा वाढते. दहावी-बारावीचे असले तर काय सांगायचे ते ठरलेले असते. गेल्या वर्षी मात्र एक आई आल्या. यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरण्याचे काम करतात. म्हणाल्या, "पोरगी एम.ए. झाली, मास कम्युनिकेशन का काय ते. दोन वर्षं केगावला बसनं जाऊन-येऊन शिकली. आता घरात बसून फोन बघती. तिचे वडील म्हणतात, बी.एड. केलं असतं तर बरं झालं असतं. ह्याला नोकरी असती का, तुम्हीच सांगा."

मुलगी शेजारीच मान खाली घालून बसली होती. तिला एकच विचारले, वर्गातल्या किती जणांशी तुझे बोलणे आहे? ती म्हणाली, "ग्रुप आहे. पण आता त्यात वाढदिवसाच्या शुभेच्छाच येतात."

आमच्या मते दुखणे इथेच आहे. सोलापूर विद्यापीठ 2004 साली सुरू झाले. तिथल्या जनसंज्ञापन विभागामुळे या विषयात एम.ए. करायला आपल्या मुलांना पुण्याला जाण्याची गरज उरली नाही. बातमी लिहिणे, कॅमेरा, ध्वनिमुद्रण, जाहिरात, सगळे शिकवले जाते. पण चौथे सत्र संपले, प्रबंध दिला, तोंडी परीक्षा झाली, की त्या दिवसापासून वर्ग पांगतो. आणि या धंद्यात नोकरी बहुतेक वेळा पेपरात जाहिरात येऊन मिळत नाही. कोणीतरी सोडून जाते, संपादक विचारतात, कोणी आहे का? कोणीतरी म्हणते, माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे. आपल्या मुलाचे नाव घेणारे तिथे कोणी बसलेले नसते.

हे आम्ही मनाने सांगत नाही. 1996 साली दिल्लीतील पत्रकार बी. एन. उनियाल यांना एका परदेशी पत्रकाराने विचारले, तुमच्यात एखादा दलित पत्रकार ओळखीचा आहे का? उनियालांनी सरकारमान्य पत्रकारांची यादी काढली. 686 नावे होती. 454 जणांची जात आडनावावरूनच कळत होती, त्यात दलित कोणी नव्हता. उरलेल्यांपैकी 47 जणांकडे चौकशी केली, त्यांच्यातही नाही. पुढे 2019 साली ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्री यांनी पाहणी केली. वृत्तपत्रे, वाहिन्या आणि नियतकालिकांतील प्रमुखपदाच्या 121 जागांपैकी 106 जागांवर उच्चवर्णीय होते, अनुसूचित जाती-जमातीचा एकही नव्हता. तेव्हा पोरगी घरात बसली यात सगळा दोष पोरीचा आहे असे समजू नका.

मग ओळख आणायची कुठून? जी आपल्याजवळ आहे तिथून, म्हणजे वर्गातून. सोलापूरकरांनी एक गोष्ट आठवावी. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 4 जानेवारी 1925 रोजी आपल्याच गावात हायस्कूलच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. जेवण, कपडे, वह्या-पुस्तकांचा भार सभेने उचलला, नगरपालिकेनेही 40 रुपयांचे अनुदान दिले. आणि मुलांना लिहिण्याची गोडी लागावी म्हणून 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवले. पोटाची सोय झाली तेवढ्यावर सभा थांबली नाही. एका छपराखाली राहणाऱ्या मुलांनी एकमेकांचे लिहिलेले वाचावे, हेही त्यांना महत्त्वाचे वाटले. आज तर एम.ए. झालेली मुले आहेत, खिशात कॅमेरा आहे, आणि परीक्षा झाल्यावर एकमेकांना विचारीत नाहीत.

म्हणून यंदा शेवटच्या सत्राला असणाऱ्यांनी पेपर संपायच्या आतच एकत्र बसावे. कोण कुठे जाणार, कोणाला काय येते, हे एका वहीत लिहून घ्यावे. कोणी सुरेख बातमी लिहितो, कोणाचा आवाज चांगला, कोणाला संकलन जमते. मागच्या दोन-तीन तुकड्यांतील जे कामाला लागले त्यांचे नंबर विभागातून मिळवावेत. महिन्यातून एक रविवार ठरवून भेटावे, आणि कळलेली प्रत्येक जागा सर्वांना सांगावी. एकाला लागली तर दुसऱ्याची संधी जाईल ही भीती असते. पण आत गेलेला एक जण पुढे चौघांची नावे घेऊ शकतो. पुण्याला जायचे तर कॉट बेसिसवर तिघांनी मिळून जावे, एकट्याला पहिले दोन पगार तिथेच संपतात.

सोलापूरच्या मुलांपाशी आणखी एक भांडवल आहे, त्याची त्यांना जाणीव नसते. शेजारपाजारामुळे कन्नड, तेलुगू, उर्दू कानावरून गेलेली असते. हैदराबाद आपल्यापासून तीनशे किलोमीटरच्या आसपास. तिथे रामोजी फिल्म सिटीतून ईटीव्ही भारतचे मराठी कामकाज चालते. दोन भाषा नीट येणाऱ्याला भाषांतराच्या टेबलावर मान असतो. आकाशवाणीची नैमित्तिक निवेदकांसाठी जाहिरात निघाली तर आवाजाची चाचणी द्यावी. शिकवायचे असेल तर जनसंज्ञापन आणि पत्रकारिता हा नेट परीक्षेचा विषय आहे. ती सहसा वर्षातून दोनदा होते, शेवटच्या वर्षालाही बसता येते, आणि अनुसूचित जातीला एम.ए.ला 55 ऐवजी 50 टक्के चालतात. 1990 सालापासून केंद्रातही बौद्धांना ही सवलत आहे. पण दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. तो आधीच काढून ठेवा, ऐनवेळी तहसीलला खेटे घालण्यात फॉर्मची तारीख निघून जाते.

एका फसवणुकीपासून मात्र सावध राहावे. वार्ताहर म्हणून ओळखपत्र देतात, पगार देत नाहीत, वर 'जाहिराती आणा, कमिशन घ्या' म्हणतात. ज्याचा मामा व्यापारी आहे त्याला ते जमते. आपल्या मुलाने जाहिरात कोणाकडे मागायची? वर्ष जाते, पेट्रोलचा खर्च घरातून होतो. ओळखपत्र घेण्याआधी महिन्याला काय मिळणार ते विचारावे, आणि छापून आलेल्या प्रत्येक बातमीचे कात्रण तारखेसह फाईलला लावावे. उद्या मुलाखतीला तेच कामाला येते.

आता पालकांसाठी दोन शब्द. बी.एड.शी तुलना करू नका. या धंद्यात बस्तान बसायला दीड-दोन वर्षे लागतात. एवढा अवधी देता येत नसेल तर तसे मुलांना स्पष्ट सांगा, म्हणजे तीही दुसरे काम धरून शिकतील. मुलीला रात्रपाळी आहे म्हणताच नको म्हणू नका. घरी सोडायला गाडी आहे का, एवढी चौकशी करा.

आणि आपल्या मंडळांनाही बोलल्याशिवाय राहवत नाही. जयंतीला डीजेचे पैसे आगाऊ देतो. मिरवणुकीचे चित्रीकरण, अहवालाचे मुद्रितशोधन, पत्रिकेचा मजकूर मात्र 'आपलाच पोरगा आहे, करेल' म्हणून फुकट. रात्र रात्र जागून ही मुले काम करतात आणि शेवटी हाती नारळ व शाल येते. शालीने खोलीचे भाडे भागत नाही.

त्या आईंच्या मुलीची हकीकत राहिली. तिने ग्रुपवर लिहिले, पाच जण जमले. एक मुलगा पुण्याला एका वाहिनीच्या वेबसाइटवर चिकटला होता, त्याच्याकडून तिला घरबसल्या भाषांतराचे थोडे काम मिळाले. यंदा जयंतीला वस्तीतल्या मंडळाचे चित्रीकरण तिने आणि एका वर्गमैत्रिणीने मिळून केले. बिल छापून नेले होते, तीन हजारांचे. खजिनदार आधी हसले. मग चष्मा लावून त्यांनी ते दोनदा वाचले, आणि पाचशे रुपये कमी करून पैसे दिले. उरलेल्या पाचशेसाठी ती अजून त्यांच्या मागे आहे.