पहिल्या पायरीनंतर पायरीच नाही

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांची पात्रता, कार्यकक्षा आणि बढतीच्या पायऱ्या ठरवण्याबाबत

महोदय,



गुरुवारी आमच्या गावचा बाजार असतो. त्या दिवशी सकाळी नऊपासूनच उपकेंद्राच्या ओट्यावर माणसं बसलेली असतात. बाजाराला आलोच आहोत तर बीपी-शुगरचंही उरकून घेऊ, असा हिशेब असतो. अशाच एका गुरुवारी पन्नाशीच्या एक मावशी आल्या. बीपी १८०/११०. गोळी चालू आहे का विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘रोज घेते की, मॅडम.’’ मी म्हटलं, पाकीट दाखवा. पिशवीच्या तळाशी, सुपारीच्या डबीशेजारी पाकीट निघालं. त्यात मधोमध मोडलेल्या अर्ध्या अर्ध्या गोळ्या होत्या. जरा वेळानं मावशी खरं बोलल्या. मालकांचंही डोकं गरगरतं, ते काही दवाखान्यात यायला तयार नाहीत, म्हणून एकच गोळी दोघं वाटून घेत होते.

संध्याकाळी आशाताई आणि मी त्यांच्या घरी गेलो. गोठ्यात बाजेवर बसवून मालकांचं बीपी मोजलं. दुसऱ्या दिवशी ते आपल्या पायांनी उपकेंद्रात आले आणि त्यांचं स्वतंत्र कार्ड निघालं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मावशींच्या ‘रोज घेते’वर विश्वास ठेवला असता आणि डोस वाढवण्यासाठी त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवून दिलं असतं. आधी पाकीट बघायचं, हे मला तिसऱ्या वर्षी उमगलं. ते पुस्तकात नव्हतं, सहा महिन्यांच्या प्रशिक्षणातही नव्हतं. गावानं शिकवलं. पण असं शिकलेलं सरकारदरबारी कुठंच धरलं जात नाही. आज रुजू झालेल्या अधिकाऱ्याचं पद आणि माझं पद एकच आहे, आणि मी आणखी वीस वर्षं काम केलं तरी ते तेच राहील. त्यासाठीच हे पत्र.

आमचं पद कसं आलं, हे आपण जाणताच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं मधल्या फळीतल्या आरोग्य सेवकांची कल्पना मांडली. १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडमधल्या बिजापूर जिल्ह्यात, जांगला इथे देशातलं पहिलं आरोग्यवर्धिनी केंद्र सुरू झालं. दीड लाख केंद्रांचं उद्दिष्ट ठरलं. साधारण पाच हजार लोकवस्तीच्या, आदिवासी आणि डोंगराळ भागात तीन हजारांच्या उपकेंद्राला एक समुदाय आरोग्य अधिकारी मिळाला. महाराष्ट्रात बीएएमएस आणि बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुलामुलींना जिल्हा रुग्णालयात सहा महिन्यांचं प्रशिक्षण देऊन ही पदं भरली गेली. मी त्यांतलीच एक. पूर्वी उपकेंद्र म्हणजे लसीकरण आणि बाळंतपण. आता बीपी, मधुमेह, कर्करोगाची तपासणी, म्हाताऱ्या माणसांची काळजी, मानसिक आरोग्य धरून बारा प्रकारच्या सेवा तिथे मिळाव्यात असं ठरलं आहे.

काम वाढलं याचा मला आनंदच आहे. पण पात्रता फक्त दाराशी विचारली गेली. आत आल्यावर पुढच्या खोल्या बांधलेल्याच नाहीत.

त्याचा परिणाम कसा होतो, ते सांगते. आमच्या भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पुढचे पाच-सहा महिने निम्मं गाव पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर असतं. त्यांतल्या बीपी-शुगरच्या रुग्णांचं काय होतं? पूर्वी निघताना महिन्याच्या गोळ्या जायच्या आणि उन्हाळ्यात परत यायचा तो पक्षाघात झालेला माणूस. आता आशाताई दसऱ्यालाच कोयत्यांची, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्यांची, यादी करतात. प्रत्येकाचं बीपी-शुगर तपासून आम्ही जास्त दिवसांच्या गोळ्या देतो, सोबत डोस लिहिलेलं कार्ड देतो आणि मुकादमाचा फोन नंबर टिपून ठेवतो. मात्र स्थिर रुग्णाला तीन महिन्यांच्या गोळ्या मी माझ्या सहीनं देऊ शकते का, हे मला कुठल्याही कागदावर स्पष्ट सापडलेलं नाही. वैद्यकीय अधिकारी समजूतदार असले की काम होतं. त्यांची बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून विचारावं लागतं. माणसांची औषधं कुणाच्या समजूतदारपणावर अवलंबून असू नयेत.

ही वाट आधी कुणी चाललेलंच नाही, असं नाही. अमेरिकेत १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात रुग्णसेवा केलेल्या जवानांना घेऊन ‘फिजिशियन असिस्टंट’ घडवायला सुरुवात केली. १९६७ मध्ये पहिले तिघे बाहेर पडले. आज तिथे या कामासाठी पदव्युत्तर पदवी आणि राष्ट्रीय परीक्षा लागते, प्रमाणपत्र टिकवायचं तर दर दोन वर्षांत १०० तासांचं शिक्षण नोंदवावं लागतं. माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य खात्यात त्यांच्यासाठी ज्युनिअरपासून डायरेक्टरपर्यंत आठ श्रेणी थेट कायद्यातच लिहिलेल्या आहेत. तिथला पगार मी मागत नाही. नोकरीला लागलेल्या माणसाला आपण कुठपर्यंत जाऊ शकतो हे पहिल्याच दिवशी दिसतं, ती सोय मागते आहे.

आपल्या देशातही धडे आहेत. भोर समितीनं १९४६ मध्ये एकाच प्रकारचा ‘मूलभूत डॉक्टर’ असावा असं ठरवलं आणि खेड्यापाड्यांत काम करणारे एलएमपी, म्हणजे पदवीऐवजी परवाना घेतलेले डॉक्टर घडणं पुढे थांबलं. समितीतल्या काही सदस्यांनी त्याला विरोध नोंदवला होता. छत्तीसगडनं २००१ मध्ये खेड्यांत काम करणाऱ्यांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला, पुढे तो बंद झाला आणि शिकून बाहेर पडलेल्यांचा दर्जा काय, हा प्रश्न मागे राहिला. आसामनं २००४ च्या कायद्यानं असाच पदविका अभ्यासक्रम आणला. तो कायदा न्यायालयात टिकला नाही. मात्र त्या पदविकाधारकांना मर्यादित, स्पष्ट कार्यकक्षा देणारा २०१५ चा कायदा सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये वैध ठरवला. यातून मला एवढंच कळतं की मधल्या फळीचा माणूस टिकतो तो कार्यकक्षा लेखी असली तर. ती मोघम ठेवली की डॉक्टर संघटनांनाही भीती वाटते, आणि ती भीती अगदीच अनाठायी नसते. रुग्णाला समोरचा माणूस कोण आहे आणि काय करू शकतो, हे कळलंच पाहिजे.

केंद्राचे कायदेही वाट दाखवतात. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याचं ३२ वं कलम प्राथमिक आरोग्यसेवेपुरता मर्यादित परवाना देण्याची तरतूद करतं. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यानं ‘फिजिशियन असोसिएट’ला अनुसूचीत जागा दिली. ही मंडळी चेन्नईत १९९२ पासून घडत आहेत. कायद्यात नाव आलं, आता सरकारी दवाखान्यात त्यांची आणि आमची पायरी कोणती, हे राज्यानं ठरवायचं आहे.

म्हणून माझ्या चार विनंत्या आहेत.

पहिली, तीन पायऱ्या ठरवा. समुदाय आरोग्य अधिकारी. पाच वर्षांची सेवा आणि परीक्षा यांनंतर वरिष्ठ अधिकारी. आणि त्यापुढे तालुक्यातल्या नवख्यांना हाताशी धरून शिकवणारा मार्गदर्शक अधिकारी. प्रत्येक पायरीची पात्रता, वेतन आणि जबाबदारी शासन निर्णयात लिहा.

दुसरी, पायरीगणिक कार्यकक्षा लिहा. कोणती औषधं पुढे चालू ठेवायची, किती दिवसांची द्यायची, कुठल्या लक्षणाला क्षणभरही न थांबता रुग्ण वर पाठवायचा. बीएएमएसवाल्याचं आणि नर्सिंगवाल्याचं मूळ शिक्षण वेगळं आहे. त्याचा मान ठेवून, पण एकाच परीक्षेनं दोघांना वर येऊ द्या.

तिसरी, शिक्षण चालू ठेवा. वर्षातून दोन आठवडे जिल्हा रुग्णालयात रुग्णांसमोर शिकवा आणि त्याची नोंद बढतीत धरा.

चौथी, मोबदल्याचं माप बदला. २५ हजारांचं मानधन आणि त्यावर १५ हजारांपर्यंत कामावर आधारित मोबदला अशी आमची रचना आहे. किती जणांचं बीपी मोजलं यापेक्षा किती जणांचं वर्षभर आटोक्यात राहिलं, याला जास्त वजन द्या. मोडलेल्या गोळ्या शोधणाऱ्याला मग कामाची नोंद होते त्या पोर्टलमध्येही जागा मिळेल.

१४ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं दहा वर्षं सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या समायोजनाचं दार उघडलं. त्याबद्दल मनापासून आभार. पण समायोजन समकक्ष पदावर व्हायचं असतं. आमच्या कामाला समकक्ष पद कोणतं, याचं उत्तर पायऱ्या आखल्याशिवाय मिळणार नाही.

शेजारच्या उपकेंद्रात माझी एक मैत्रीण होती. नर्सिंगची, माझ्याहून हुशार. पाच वर्षांत गावातलं एकेक घर तिला पाठ झालं होतं. कुणाची सून गोळ्या लपवते, कुणाला अक्षर वाचता येत नाही म्हणून सकाळच्या गोळीवर सूर्य काढून द्यावा लागतो, सगळं. पुढे काही दिसेना म्हणून ती शहरातल्या खासगी रुग्णालयात गेली. तिला दोष देणं मला जमत नाही. तिच्या जागी आलेली मुलगी मनापासून काम करते. परवा ती मला सांगत होती, ‘‘ताई, इथले पेशंट फार चांगले आहेत. विचारलं की सगळे म्हणतात, गोळी रोज घेतो.’’

मी तिला म्हटलं, पाकीट बघ.

आपली नम्र,
मराठवाड्यातल्या एका उपकेंद्रातली समुदाय आरोग्य अधिकारी