अत्र्यांचे हसे आणि अत्र्यांचा राग

ऑगस्ट महिना आला की आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर आचार्य अत्रे अवतरतात. १३ तारखेला त्यांची जयंती. सकाळी सातपासूनच 'अत्रे एकदा म्हणाले' अशी सुरुवात असलेले किस्से धडाधड येऊन पडू लागतात. त्यातले निम्मे तरी अत्र्यांच्या नावावर नंतर चढवलेले असावेत, असा आम्हाला दाट संशय आहे. एक किस्सा तर गेल्या वर्षी पु. लं.च्या नावाने फिरत होता, यंदा तो अत्र्यांकडे बदलून आला. तेही चालायचेच. पण या विनोदांच्या ढिगाऱ्याखाली ज्या माणसाने एक दैनिक काढून सरकारची झोप उडवली, तो माणूस पार दडपून गेला आहे. आपण बेळगावकरांनी तरी त्याला असे दडपू देणे बरे नाही.

सासवडला १८९८ साली जन्मलेले प्रल्हाद केशव अत्रे आधी शिक्षक, मग बाकी सगळे. 'केशवकुमार' या नावाने त्यांनी १९२५ मध्ये 'झेंडूची फुले' हा विडंबनकवितांचा संग्रह काढला आणि रविकिरण मंडळाच्या कवींची मनसोक्त टिंगल केली. नंतर नाटके आली, चित्रपट आले, १९४० मध्ये 'नवयुग' साप्ताहिक आले. पुण्याच्या नगरपालिकेत ते काँग्रेसचे सभासदही होते. म्हणजे राजकारण त्यांना नवे नव्हते. पण ज्या अत्र्यांना महाराष्ट्र डोक्यावर घेऊन नाचला ते अत्रे १९५६ चे, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी 'मराठा' दैनिक काढणारे.

ते वर्ष आपल्याकडे वेगळे सांगावे लागत नाही. १६ जानेवारीला मुंबई केंद्रशासित होणार, अशी घोषणा झाली. दुसऱ्याच दिवशी बेळगावात गोळीबार झाला. १७ जानेवारीला आपण हुतात्म्यांना अभिवादन करतो ते त्याचसाठी. फेब्रुवारीत पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि १५ नोव्हेंबरला 'मराठा'चा पहिला अंक निघाला. मुळात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो १९४६ च्या साहित्य संमेलनात, आपल्याच बेळगावात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना. आंदोलनाचा पाळणा इथे हलला आणि बाळाचे बारसे मात्र आपल्याशिवाय झाले, असे आमचे जुने सभासद म्हणतात. त्यात कडवटपणा आहे, पण खोटे काही नाही.

अत्र्यांच्या विनोदाने या लढ्यात नेमके काय केले? समितीत कोण कोण होते ते पाहा. डांगे कम्युनिस्ट, एसेम जोशी समाजवादी, शेतकरी कामगार पक्षवाले, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनवाले, सेनापती बापट, प्रबोधनकार ठाकरे. एरवी यांतले कित्येक जण एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसत. अशा माणसांना आणि त्यांच्या अनुयायांना एका मैदानात तीन-तीन तास बसवायचे, तर नुसता ठराव पुरत नाही. एकत्र हसलेली माणसे निदान त्या रात्रीपुरती तरी एका बाजूची होतात. अत्रे मास्तर होते. शेवटच्या बाकावरच्या पोरालाही कळेल असे बोलायची सवय त्यांना वर्गातच लागली होती. 'गेल्या दहा हजार वर्षांत असे झाले नाही' ही त्यांची लाडकी अतिशयोक्ती लोकांना पाठ होती आणि लोक तिची वाट पाहत. सत्तेची भीती घालवायला इतके पुरेसे होते. १९५७ च्या निवडणुकीत मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसची दाणादाण उडवली. अत्रे स्वतः आमदार झाले.

पण आपल्याला, सीमेवरच्यांना, पुढचा भाग जास्त विचारात घ्यावा लागतो. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, बेळगाव बाहेर राहिले. समितीची पांगापांग झाली. मुंबईसाठी जी गर्दी रस्त्यावर आली, ती खानापूर-निपाणीसाठी त्याच जोराने आली नाही. सीमाप्रश्न सभेतून उठून कागदात गेला. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि बेळगाव म्हैसूरकडेच राहिले. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. गावांच्या याद्या, भाषिक टक्केवारी, नकाशे, तारखा. इथे फडर्‍या वक्त्याचा उपयोग थोडाच. अत्र्यांची शैली गर्दी जमवण्याची होती, गर्दी घरी गेल्यावर फायली उघडून बसणारा माणूस वेगळा लागतो. आपल्याकडच्या सभांतून अजूनही अत्र्यांसारखे गर्जणारे पुष्कळ निघतात, फायलीवाले मोजके. २०१८ आणि २०२३ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत एकीकरण समितीला इथे एकही जागा मिळाली नाही. त्याला कारणे पुष्कळ आहेत, पण त्यांत हेही एक आहे, असे आम्हाला वाटते.

अत्र्यांच्या लेखणीला धरबंद नव्हता, हेही कबूल केले पाहिजे. विरोधकाच्या रूपावर, घरावर, खासगी आयुष्यावर ते उतरत. आज ते लेख वाचताना हसू येते आणि थोडी लाजही वाटते. त्यांच्यानंतर तीच भाषा अनेकांनी उचलली, त्यामागचा अभ्यास न उचलता. विशेष म्हणजे १९६० मध्ये 'मार्मिक' सुरू झाले तेही १३ ऑगस्टलाच. व्यंगचित्रकार बाळासाहेब ठाकरे आणि विनोदी लेखक अत्रे, दोघेही वृत्तपत्रातून राजकारणात आले आणि पुढे एकमेकांवर इतके तुटून पडले की वाचकांना रोजचा तमाशा झाला. तरी ते भांडण बरेचसे छापील होते.

मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारला एका विडंबनगीतावरून कार्यक्रमाच्या जागेची तोडफोड झाली. तेव्हा आमच्या गटावर दोन तट पडले. गाणे चांगले की वाईट यावर दोनशे संदेश झाले. पण मराठीत विडंबनाला मानाचे पान मिळवून देणाऱ्या माणसाचे नाव त्यात एकदाही आले नाही. ऑगस्टमध्ये मात्र त्याच मंडळींनी अत्र्यांचे किस्से पाठवले.

या सगळ्यात आम्हाला एक पुस्तक पुन्हा वाचावेसे वाटते, 'सूर्यास्त'. मुंबईच्या प्रश्नावर ज्या नेहरूंवर अत्र्यांनी आग ओकली, त्यांचे २७ मे १९६४ ला निधन झाल्यावर अत्र्यांनीच 'मराठा'तून त्यांच्यावर लेखमाला लिहिली, तिचे हे पुस्तक. ज्याच्याशी भांडलो तो किती मोठा होता, हे त्याच वाचकांना, त्याच पानावर सांगायला छाती लागते. १९५६ च्या डिसेंबरात बाबासाहेबांच्या अंत्यविधीच्या वेळी बोलणारेही अत्रेच होते. हसवणाऱ्या माणसाला रडता येत होते, म्हणून त्याच्या रागावर लोकांनी विश्वास ठेवला.

१९६७ मध्ये ते लोकसभेची निवडणूक हरले आणि १३ जून १९६९ ला गेले. मंडळाच्या वाचनालयात 'कऱ्हेचे पाणी'चे खंड आहेत, 'झेंडूची फुले' आहे. 'सूर्यास्त' मात्र नाही. कुणा सभासदाच्या घरी जुनी प्रत असल्यास कार्यालयात आणून द्यावी. पुढच्या १३ ऑगस्टला किस्स्यांऐवजी त्यातला एखादा लेख मोठ्याने वाचू.