टाळ्या पुरे, आता पगार!

नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टन गावी जानेवारी २०१६ मध्ये ‘बिट्टी अँड बोज कॉफी’ नावाचं दुकान सुरू झालं. एमी आणि बेन राईट या दांपत्याच्या धाकट्या दोन मुलांना डाऊन सिंड्रोम आहे. दुकानाला नाव त्यांचंच. तिथे कॉफी करणारी, पैसे घेणारी बहुतेक मंडळी बौद्धिक अपंगत्व असलेली. २०१७ साली सीएनएनने एमी राईट यांना ‘हिरो ऑफ द इयर’ म्हणून गौरवलं. असे व्हिडिओ आपल्यातही फिरतात आणि आपण लिहितो, “किती गोड! डोळ्यांत पाणी आलं!”

मला राग येतो तो या पाण्याचा. काउंटरमागचा तो तरुण आपल्याला रडवायला उभा नाही, नोकरीवर आलाय. त्याला एकदा ‘प्रेरणास्थान’ करून टाकलं की त्याला पगार किती, हे विचारायची गरजच उरत नाही.

पण विचारायलाच हवं. अमेरिकेच्या १९३८ च्या कामगार कायद्यात एक कलम आहे, ‘चौदा-सी’. त्याखाली परवाना घेतलेला मालक अपंग कामगाराला किमान वेतनापेक्षाही कमी पैसे देऊ शकतो. काही राज्यांनी ही सवलत आपापल्या हद्दीत बंद केली. ती देशभर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा प्रस्ताव केंद्र सरकारच्या कामगार खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये मांडला आणि जुलै २०२५ मध्ये मागे घेतला. आपल्यापैकी कितीजणांना याचा पत्ता होता?

हा प्रश्न परक्यांचा नाही. इथे कायद्याने मिळणारं विशेष शिक्षण बहुतेक राज्यांत एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी संपतं. शाळेची पिवळी बस यायची थांबते आणि मुलगा घरी बसतो. आपल्या पॉटलकमध्ये “तुमच्याचं ॲडमिशन कुठे झालं?” हा प्रश्न सुरू झाला की अशा मुलांचे आईबाप ताट घेऊन कोपऱ्यात सरकतात. पुढे यायचेच बंद होतात. आपण म्हणतो, “हल्ली दिसत नाहीत.”

“अहो, पण वेग कमी पडतो, चुका होतात,” असं काहीजण म्हणतील. मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडे दहाजणांनी तेच चुकीचं बटण दाबलं तर माणसं बदलत नाहीत, स्क्रीन बदलतात. पवईत २०१५ साली सुरू झालेल्या ‘मिर्ची अँड माईम’ने हेच केलं. वाढपी कर्णबधिर, म्हणून मेन्यूकार्डावर पदार्थांच्या खुणा दाखवल्या. गिऱ्हाईकं खुणा करून ऑर्डर देऊ लागली. अलिना आलम यांनी २०१७ साली हुबळीत सुरू केलेल्या ‘मिट्टी कॅफे’ची एक शाखा नोव्हेंबर २०२३ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात उघडली, उद्घाटन तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी केलं. देशातल्या सर्वोच्च न्यायालयात चालतं, ते आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये का चालू नये?

म्हणून माझी मागणी साधी आहे. गणेशोत्सवातला चहाचा काउंटर, नावनोंदणीचं टेबल आणि प्रसादाची पाकिटं भरण्याचं काम आपल्याच घरांतल्या या मुलामुलींना द्या. शिकवायला दोन रविवार ठेवा. राज्याच्या किमान वेतनाइतका तरी पगार द्या, आणि तो ‘देणगी’त न दाखवता अंदाजपत्रकात केटरिंगच्या खर्चात दाखवा. आपल्यातले जे कंपन्यांत मुलाखती घेतात, त्यांनी तिथेही हा विषय काढावा.

येत्या सर्वसाधारण सभेत मी हा ठराव मांडणार आहे. विरोध करायचा असेल तर जरूर या. फक्त येताना कारण घेऊन या.